टोमॅटोचं कुळ आणि वहिनीची भज्जी

लातुरात मी एका खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. सोलॅनेसी नावाचं वनस्पतींचं एक कुळ त्या अभ्यासक्रमात आहे, आणि ते मी इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी त्याच्या फुलाचं सूत्र काढून दाखवीन. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, तिरका अंडाशय. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि धोतरा ही सगळी त्या एकाच कुळातली भावंडं. हे सांगितलं की वर्गात थोडी खळबळ माजते, कारण सकाळी डब्यात आणलेल्या भाजीचं धोतऱ्याशी नातं निघावं हे कुणालाच आवडत नाही. मला मात्र ती खळबळ फार आवडते, आणि वर्षानुवर्षं मी ती मुद्दाम माजवत आलो. येळवशीच्या दिवशी शेतात जे झालं त्याचं मूळ माझ्या या खोडीत आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर दुपारपर्यंत ओस पडतं आणि ज्याला शेत आहे तो स्वतःच्या, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवायला जातो. आमचं शेत अहमदपूरच्या पुढे, लोह्याच्या अलीकडे. कागदोपत्री नांदेड जिल्हा, रीतभात सगळी लातूरची. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची, शेतात आंबील शिंपडायची आणि मग भज्जीवर तुटून पडायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या दिवसांत शिवारात जे जे हिरवं असतं, तुरीच्या शेंगा, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, गाजरं, वांगी, ते सगळं एका मोठ्या भांड्यात चिंचेच्या कोळात शिजवून त्याला डाळीचं पीठ लावायचं. ज्याच्या घरची भज्जी बिघडली त्याच्या घरचं वर्ष बिघडलं असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण होळीपर्यंत त्याचीच चर्चा चालते.

आमच्या घरी ही भज्जी आई करायची. बाकी घरांत ती घरून शिजवून नेतात, आई शेतातच चूल मांडायची आणि पळीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. माझी वहिनी, म्हणजे शेती बघणाऱ्या मोठ्या भावाची बायको, लग्न होऊन आली तेव्हापासून शेंगा सोलणे आणि लाकडं सारणे एवढ्याच कामावर होती. अठरा येळवशी तिने अशा काढल्या. मागच्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी पुरता दगा दिला, आणि आई म्हणाली, "यंदा तू कर." एवढंच. त्या तीन शब्दांनंतर वहिनी महिनाभर नीट झोपली नसावी, कारण मला तिचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा तिने इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, "भावजी, कच्चे टमाटे घातले तर चालंल का हो भज्जीत? बांधावर लई लागलेत."

आईच्या भज्जीत टोमॅटो कधीच नव्हता. वहिनीला भज्जी तर आईसारखी व्हायला हवी होती, पण तिच्यात काहीतरी स्वतःचंही हवं होतं. हे मला तेव्हाच कळलं असतं तर मी साधं "घाला की" म्हटलं असतं. पण मी शिकवणारा माणूस. मी म्हणालो, "तसं कच्च्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचं द्रव्य असतं, पण स्वयंपाकात घालतो तेवढ्याने काही होत नाही." मग ती म्हणाली, "म्हंजी घालू का नको?" मी म्हणालो, "घाला."

त्या येळवशीला मी नांदेडहून माझ्या सासऱ्यांनाही बोलावलं होतं. मामा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, विष्णुपुरीकडे घर, आणि सकाळपासून मोबाइलवर आरोग्याचं वाचन. त्यांना नेमका त्याच आठवड्यात कुणीतरी टोमॅटो विषारी असल्याचा मजकूर पाठवला होता. डांबरी रस्त्यावर गाड्या लावून आम्ही शेताकडे निघालो. मध्ये ओढा आडवा असल्याने तिथून पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जावं लागतं. ट्रॅक्टर वहिनी चालवत होती, कारण भावाचं पाठीचं दुखणं सुरू झाल्यापासून तीच चालवते. ट्रॉलीत बसल्या बसल्या मामांनी तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, टमाटा ही चीज आपण बंद केली. जहर आहे ते."

मी म्हणालो, "मामा, तुमच्या दाढेखाली जे आहे ना, ते टोमॅटोचं सख्खं भावंड आहे. आणि त्या दोघांत खरं विष कशात आहे ते मी सांगायला नको."

ट्रॉलीत हशा पिकला. मामा चघळायचे थांबले. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पिकलेला टोमॅटो खुशाल खा, कच्चा भाजीत घातला तरी बिघडत नाही, फक्त त्याच्या पाल्याची भाजी करू नका आणि हिरवा पडलेला, मोड आलेला बटाटा टाकून द्या, एवढं सांगून विषय संपत होता. पण समोर दहा माणसं, कुणी उठून जाऊ शकत नाही, असा वर्ग मला क्लासमध्येही मिळत नाही. मी बांधावर उगवलेल्या धोतऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, याच कुळातला खरा गुन्हेगार हा. हा पोटात गेला की तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंधुक दिसायला लागतं आणि माणूस असंबद्ध बडबडायला लागतो. वेळेत दवाखाना गाठला नाही तर जीवही जातो. माझी पुतणी, वहिनीची मुलगी, माझ्याच क्लासला येते. तिने सगळी लक्षणं ओळीने परत म्हणून दाखवली. मला अभिमान वाटला.

भज्जी झाली. पंगत बसली. आम्ही अकराही जण जेवलो. वाढणारी एकटी वहिनी, आणि आमच्याकडे वाढणारीने शेवटी जेवायचं असतं. ती वाढताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती, पण सगळ्यात जास्त आईच्या. आई खाटेवर बसून खात होती. तिने पहिली वाटी संपवली, दुसरी संपवली आणि काहीच बोलली नाही. आईचं न बोलणं कसं वाचायचं हे आम्हाला पन्नास वर्षांत जमलेलं नाही. कच्चा टोमॅटो मात्र मला फार आवडला. चिंचेच्या आंबटात त्याचा वेगळा आंबटपणा लागत होता. हे वहिनीला तेव्हाच सांगावं असं मनात आलं होतं, आणि मी ते हात धुतल्यावर सांगू म्हणून ठेवून दिलं.

हात धुवायला चुलीमागे गेलो तर तिथे निवडलेल्या भाज्यांची देठं, साली, पाला यांचा ढीग. त्यात एक मोठं पान पडलेलं, कडा खाचा घेतलेल्या, तळहाताएवढं. मी ते उचललं. धोतऱ्याच्या पानाचं चित्र मी फळ्यावर शेकडो वेळा काढलंय, आणि हे अगदी माझ्या चित्रासारखं होतं.

"वहिनी," मी विचारलं, "हे काय आहे?" आवाज खाली ठेवायचा असतो हे मला सुचलं नाही.

"वांग्याचं पान हाय," ती पंगतीतली ताटं उचलत म्हणाली. "वांग्यासंगं तुटून आलं आसंल."

"धोतऱ्याचं वाटतंय."

"न्हाई वो. वांग्याचं हाय ते. हात फिरवून बघा, शिरेला काटा लागंल. धोतऱ्याच्या पानाला काटा नसतो, बोंडाला असतो."

आता हे वाक्य इतकं बरोबर होतं की त्यावर दुसरं काही बोलायची गरजच नव्हती. पण माझ्या हातात पान होतं, माझ्या डोक्यात चित्र होतं, आणि अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "प्रजातीप्रमाणे फरक पडतो." या वाक्याचा अर्थ मला आजही माहीत नाही.

मामांनी पहिली उडी घेतली. त्यांनी जेवणावर नुकतीच दाढेखाली ठेवलेली तंबाखू थुंकून टाकली. आयुष्यात त्यांनी ती भरल्या पोटी थुंकलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दोन मिनिटांनी ते म्हणाले, "माझं तोंड कोरडं पडतंय." मग भाऊ म्हणाला, त्याचंही पडतंय. माझ्या बायकोने छातीवर हात ठेवला आणि धडधड होतेय असं सांगितलं. सगळ्यांचे चेहरे लाल होते, कारण आम्ही सकाळपासून उन्हात होतो. पुतणीने मोबाइलचा टॉर्च लावून एकेकाच्या डोळ्यांत उजेड पाडायला सुरुवात केली. "बाबांची बाहुली मोठीय," ती म्हणाली. "पण कशापेक्षा मोठी?" तिच्या बापाने विचारलं. बाबांची बाहुली आजवर कुणी मोजलीच नव्हती. बडबडीचं लक्षण तर आम्ही यादीतून काढूनच टाकलं. आमच्या घराण्यात ते लावायला गेलो असतो तर निम्मे लोक जन्मापासून विष खाऊन आहेत असं निघालं असतं.

वहिनी मध्ये उभी राहून प्रत्येकाला सांगत होती. "आवो वांग्याचं पान हाय. म्या सोता निवडलंय समदं." कुणी ऐकेना. पुतणी आईला म्हणाली, "आई, काका हेच शिकवतात गं." वहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि सांगायचं सोडून ती ताटं गोळा करायला लागली. ते तिला लागलं हे मला जाणवलं, आणि तरी मी तोंड उघडलं नाही, याची मला अजून लाज वाटते. विषबाधा झाली असेल याची मला भीती होतीच. पण अकरा माणसांसमोर माझं चुकलं असं म्हणावं लागेल याची भीती तिच्याहून मोठी होती.

भावाने ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. शेतात रेंज फक्त विहिरीच्या काठावर येते, म्हणून पाठदुखीचा भाऊ विहिरीच्या कठड्यावर उभा आणि खाली आम्ही सगळे त्याला धरून. डॉक्टर स्वतः त्यांच्या शेतात भज्जी खात होते. त्यांनी विचारलं, धोतरा आहे याची खात्री आहे का? भावाने माझ्याकडे बघितलं. मी मान अशी हलवली की तिचा हो पण होतो आणि नाही पण. डॉक्टर म्हणाले, "खात्री नसली तरी तिथे बसून राहू नका, दवाखान्यात या. मी निघतो."

म्हणजे निघणं भाग होतं. भाऊ भांड्याकडे वळला. "ही आधी पालथी करतो," तो म्हणाला. निम्म्याहून जास्त भज्जी अजून शिल्लक होती. वहिनी भांड्याच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. भाऊ मागे फिरला.

आता ट्रॅक्टर कोण चालवणार हा प्रश्न आला, आणि तोही मीच उपस्थित केला. अंधुक दिसायला लागतं हे मीच सकाळी सांगितलेलं. म्हणून मी नियम केला, "ज्याने भज्जी खाल्लीय त्याने चालवायचं नाही." सगळ्यांना तो पटला. आणि पटल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की भज्जी न खाल्लेलं माणूस त्या शेतात एकच आहे.

आम्ही ट्रॉलीत चढलो. आईला खाटेसकट चढवलं. मामांनी रुमाल पाण्यात भिजवून डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. कोणी राम राम म्हणत होतं, कोणी नाडी मोजत होतं. शेजारच्या शेतातले लोक धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, येऊन बघायला लागले. एकाने ओरडून विचारलं, "कुठं निघालाव समदे?" आमच्यातल्या कुणालाच खरं सांगायचं नव्हतं, कारण खरं म्हणजे आमच्या घरच्या भज्जीने आम्हाला विषबाधा झाली, आणि हे वाक्य एकदा धुऱ्यापलीकडे गेलं की वहिनीला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "देवाला." तो माणूस हात जोडून निघून गेला.

वहिनी ट्रॅक्टरकडे आली नाही. ती हौदावर गेली, हात धुतले, पाय धुतले, चेहऱ्यावर पाणी मारलं. मग पांडवांपुढे जाऊन हात जोडले. मग एक ताट घेतलं, भांड्यापाशी जमिनीवर मांडी घातली आणि स्वतःच्या हाताने भज्जी वाढून घेतली. ताट भरेपर्यंत.

"वहिनी, नका!" मी ट्रॉलीतून ओरडलो.

तिने पहिला घास घेतला. ज्वारीचा उंडा कुस्करला, भज्जीत कालवला, दुसरा घेतला. आम्ही अकरा जण उभ्या ट्रॉलीत बसून तिचं जेवण बघत होतो. ती घाई करत नव्हती. ताट पुसून संपवलं, आंबील प्यायली, आणि तोंड पुसत आमच्याकडे वळली.

"आता मलाबी चालवता यायचं न्हाई," ती म्हणाली. "नियम तुमचाच हाय, भावजी. बसा समदे तितंच."

आम्ही बसून राहिलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. डॉक्टरांचा फोन आला असता तरी कळलं नसतं, विहिरीवर जाण्याची कुणात ताकद नव्हती. तास गेला. दीड गेला. मामा पाणी प्यायले आणि त्यांचं तोंड ओलं झालं. धडधड कधी थांबली ते माझ्या बायकोलाही कळलं नाही. पुतणीने टॉर्च बंद केला होता आणि ती आपल्या आईकडे बघत होती. वहिनी चुलीपाशी गुडघ्यांभोवती हात टाकून बसली होती.

मग खाटेवरून आईचा आवाज आला. "अगं ए, वाटीभर आन की अजून."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"टमाट्यानं बरी लागायलीय," आई म्हणाली. "मला सुचलं न्हाई कधी."

वहिनी उठली. तिने भांडं उचललं, ट्रॉलीपाशी आणलं आणि आईच्या वाटीत पळी रिकामी केली. मामांनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि पुसट आवाजात म्हणाले, "मलाही थोडी." मग भावाने ताट मागितलं, मग पुतणीने. पंगत ट्रॉलीतच बसली.

मी खाली उतरलो. ते पान अजून माझ्या खिशात होतं, कोमेजलेलं. मी शिरेवरून बोट फिरवलं आणि काटा लागला. चांगला टोचला. बावीस वर्षं मी या कुळाची चित्रं काढतोय, आणि वांग्याच्या पानाला हात मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला. "हे वांग्याचं पान आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "चुकलं माझं."

सगळे खात होते. वहिनी भांडं घेऊन माझ्यापाशी आली तेव्हा मी ताट पुढे केलं. तिने पळी न बघताच उलटी केली आणि भज्जी ताटाच्या कडेवरून माझ्या अंगठ्यावर सांडली. मला वाटलं ती रागावलीय. मी म्हणालो, "वहिनी, मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

"ते जाऊ द्या," ती हळू म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असं. "खरं सांगू का? म्या लहानपणापासून वांगी तोडायलेय, पान मला आंधारातबी कळतंय. पर तुम्ही म्हनलात, आन् पयला घास घेताना मला वाटलं, धोतराच आसंल. चार घासांनी चव वळखली, तवा कुठं बसा म्हनलं." तिने पदराने डोळे पुसले. "माझी पोरगी खाऊन बसली व्हती, म्हून खाल्लं."